तुम्ही विचारलंत म्हणून: लिहिण्याचा उत्साह टिकतो कसा?

शाळा-कॉलेजात कथाकथनाला गेले की दोन प्रश्न हमखास येतात. लिहिण्याचा उत्साह कसा टिकवता? आणि कथा सुधारायची कशी? माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे. उत्साह मी टिकवत नाही, तो टिकवायला मला जमतही नाही. कथा अडली की ‘मूड नाही’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, पण बहुतेक वेळा अडलेलं असतं वेगळंच. ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो, त्याच्याबद्दल आपल्याला पुरेसं ठाऊक नसतं.

एका कथेत मला पदेर, म्हणजे आमच्या गोव्यातला पाववाला, हवा होता. सकाळी सायकलचा भोंपू वाजवत येतो, पाव देतो, जातो. माझा पदेर एवढंच करायचा आणि चौथ्या पानावर अडून राहायचा. मग आमच्या फोंड्याकडच्या एका भट्टीवर पहाटे गेले. निखारे बाजूला सारून भट्टीचा तळ ओल्या गोणपाटाने पुसला जात होता. लांब दांड्याच्या फळीवरून उंडे, म्हणजे गोल पाव, आत सरकत होते, कोंडा घातलेल्या पावाच्या पोळ्या एका बाजूला थंड होत होत्या. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे, आता यीस्ट. हे सगळं वहीत उतरवलं खरं, पण कथेत त्यातली एक ओळसुद्धा आली नाही.

कामाला आली ती पाव वाटणाऱ्या पोराची फेरी. मूळचा कर्नाटकातला, कोकणी मात्र आमच्यासारखीच. लोक रात्रीच फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात, आत सुटे पैसे. तो पैसे घेतो, पाव टाकतो, घरातल्या कुणाचं तोंडही बघत नाही. एका फाटकापाशी पिशवीत हात घालून तो म्हणाला, “बाय, तांचो पूत बोटीर गेला. आतां चारूच पाव.” म्हणजे त्यांचा मुलगा बोटीवर कामाला गेला, आता चारच पाव. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पैसे कमी झाले यावरून त्याने ताडलं होतं. घरातलं माणूस गेलं, आलं, आजारी पडलं, हे गावात त्याला सगळ्यांआधी कळतं आणि तो त्यावर चकार शब्द काढत नाही. मला कथा मिळाली. त्या आठवड्यात उत्साह आहे की नाही, हे बघायलाही मला सवड नव्हती.

संवादांचं शिक्षण मला देवळाच्या सभामंडपात मिळालं. आमच्याकडे उत्सवाला गावातलीच मंडळी मराठी नाटक करतात, तालमी रात्री जेवणं उरकल्यावर. दिवसभर घरीदारी कोकणी बोलणारा माणूस रात्री मराठी संवाद म्हणतो, त्यामुळे वाक्यातली खोट लपत नाही. वीजखात्यातला आमचा एक लाइनमन नायकाच्या बापाचं काम करायचा. ‘माझ्या अंतःकरणाची झालेली ही दारुण अवस्था’ इथे तो रोज अडायचा. शेवटी कंटाळून ते वाक्यच गाळलं आणि मुलाकडे पाठ फिरवून बसला. प्रॉम्प्टर ओरडत राहिला. पण प्रसंग पहिल्यांदाच उभा राहिला. तेव्हापासून संवाद मी स्वतः मोठ्याने वाचत नाही, भाच्याला वाचायला देते. आपण लिहिलेलं आपली जीभ सांभाळून घेते. तो अडखळला की तिथे पेन्सिलीची खूण करायची, कारण विचारायचं नाही. वाचणाऱ्याला कारण सांगायला लावलं की तो समीक्षक होतो, आणि समीक्षक मला घरात नको आहे.

वाचनाबद्दल सगळेच सांगतात, मी वेगळं काय सांगणार? एवढंच करा, आवडलेल्या कथेचं एखादं पान हाताने उतरवून काढा. डोळ्यांनी वाचताना जे सहज वाटतं, तिथे लेखकाने किती गाळलंय ते हाताला समजतं.

राहिला प्रश्न, इतकी वर्षं कुणी कशाच्या जोरावर लिहितं? सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई बघा. जन्म १९०४चा. पोर्तुगीज अमदानीत, जेव्हा छापण्याआधी मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा, तेव्हा ते मराठी कथा लिहीत होते. तुरुंगही भोगला. पुढे उतारवयात कोकणीतही लिहू लागले आणि १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो कोकणी लेखनासाठी. तिथे ‘प्रेरणा’ हा शब्द मला तोकडा वाटतो. त्यांना सांगायचं होतं, आणि अजून सांगून झालं नव्हतं.

माझ्यापुरती शिस्त म्हणाल तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. दिवाळी अंकांची कथा चवथीच्या आत हातावेगळी करायची, कारण एकदा गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-भाज्या आणि नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पीठ घरात आलं की लिहिण्याच्या टेबलावर नारळ ठेवले जातात. कथा साभार परत आली तरी निदान तोवर दुसरी सुरू झालेली असते.