नागपूरहून ब्विंडी: गोरिलांची भेट आणि गावाचा वाटा

पेंच-ताडोब्याचा कोअर पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा युगांडात कोरडा हंगाम चालू असतो. त्यामुळे तिथल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात डोंगरी गोरिला पाहायला नागपूरकरांना जून ते ऑगस्ट सोयीचे. खर्च मात्र मोठा: परदेशी पाहुण्याला एका भेटीचं परमिट ८०० डॉलरला, शेजारच्या रवांडात १,५०० ला. आधी परमिट, मगच विमानाची तिकिटं. मुंबईहून युगांडातल्या एन्टेबेला थेट विमान जातं, पुढे गाडीने आठ-दहा तास. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो यांपैकी ज्या भागाचं परमिट, तिथेच मुक्काम करा. पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. कार्ड जपा, परतताना भारतातही तपासतात.

जंगलात जिप्सी नाही. चढ उभा, चिखल निसरडा, रेंजर झुडपं तोडत वाट काढतो. मुंग्यांसाठी पँट मोज्यांत खोचा, खाजऱ्या झुडपांसाठी जाड हातमोजे घ्या.

आणि पोर्टर, म्हणजे सामान वाहणारा गावकरी, घ्याच, पाठीवरची पिशवी हलकी असली तरी. ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. परमिटमधले फक्त १० डॉलर आसपासच्या गावांच्या निधीत जातात, शिवाय उद्यानाच्या प्रवेशशुल्काचे २० टक्के. मला हा वाटा फार तोकडा वाटतो. शेतात घुसणाऱ्या जनावरांचा त्रास याच गावांना होतो. पोर्टरला मात्र साधारण २० डॉलर थेट हातात मिळतात.

गोरिलांजवळ एका वेळी आठच माणसं, एकच तास, तोंडावर मास्क. वाघाभोवती जिप्सींची दाटी पाहिलेल्या मला ही शिस्त फार भावली. रुपेरी पाठीचा नर पाला ओरबाडत बसला होता, पिल्लू त्याच्या अंगावरून घसरत होतं. मास्क मनापासून लावा, आपली सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. १९९६ मध्ये इथल्या गोरिलांना खरूज झाली, तिचा माग गावातल्या माणसांच्या कपड्यांपर्यंत लागला. तेव्हाच्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका पुढे गोरिलांसोबत गावकऱ्यांच्या आरोग्यावरही काम करू लागल्या. त्यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची कॉफी चांगल्या भावाने विकली जाते, ती जरूर विकत घ्या. २०१८ मध्ये डोंगरी गोरिलांचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार ते १,०६३ होते.

१९९१ मध्ये उद्यान झालं आणि इथल्या आदिवासी बाट्वा लोकांना जंगलाबाहेर पडावं लागलं. त्यांच्या नाचगाण्याचे कार्यक्रम पर्यटकांना विकले जातात. बुकिंगआधी विचारा, पैसे बाट्वांच्या हातात किती पडतात. उत्तर गोलमोल आलं, तर तो कार्यक्रम सोडा आणि टोपल्या विणणाऱ्या बायकांकडून थेट खरेदी करा.