मी 'यस' म्हटलं आणि गोळी हातातच होती

काल दारव्ह्याहून भाचीचा फोन होता, तिकडे रात्रीचे नऊ, इकडे इंग्लंडात दुपार. तिची यंदा बारावी. मागे दादा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता आणि ही विचारत होती, आत्या, सो डू आय कुठं आणि नायदर डू आय कुठं, माझा दरवेळी गोंधळ होतो. फोनवर घाईत सांगितलं, म्हणून आता नीट लिहिते, आपल्याकडून नर्सिंग करून बाहेर निघालेल्या पोरींना पण हे लागणारच.

आमच्या वेळी झेडपीच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. ग्रामर मला येत होतं. तरी इथं तिसऱ्याच आठवड्यात सिनियर सिस्टरने एका आजोबांबद्दल विचारलं, "ही हॅजन्ट हॅड हिज टॅब्लेट?" आणि मी म्हटलं "यस". मनात होतं, हो, नाही घेतली. ती चार्टवर सही करायला वळली आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या छोट्या वाटीवर गेली, बीपीची गोळी त्यातच होती. त्या रात्री मला झोप नाही आली.

आपल्याकडे "जेवली नाहीस का वं?" विचारलं की आपण म्हणतो "हाव, नाही जेवली", म्हणजे आपलं हो समोरच्याच्या बोलण्याला असतं. इंग्रजीत मात्र यस-नो हे काम झालं की नाही झालं यावर ठरतं, प्रश्न कसाही फिरवून विचारू द्या. गोळी घेतली नाही ना, मग "नो, ही हॅजन्ट". पूर्ण बोलायचं, नुसतं नो पण नको.

मी टू चं पण तसंच. आपलं "मी पण" होकारी-नकारी दोन्ही वाक्यांना चालतं, पण कोणी "आय डोन्ट लाइक कॉफी" म्हटलं तर मी टू नाही, "नायदर डू आय" किंवा साधं "मी नायदर". आणि समोरच्याचं क्रियापद बघायचं, आय अ‍ॅम टायर्ड ला सो अ‍ॅम आय, आय कान्ट ला नायदर कॅन आय, आय वेंट मधे अ‍ॅम, कॅन असं मदतीचं क्रियापद दिसत नाही म्हणून डिड आणायचं, सो डिड आय. (नायदर ला नीदर म्हटलं तरी बरोबर, इथं दोन्ही ऐकते.)

जोडशब्दांत आपली सवय आडवी येते. जरी आलं की तरी येणारच, म्हणून आपण ऑल्दो नंतर बट टाकतो, तिथं बट नको. पण बोथ ला अँड, आयदर ला ऑर, नायदर ला नॉर पाहिजेच. आणि "दोघंही आले नाहीत" चं बोथ डिडन्ट कम करू नका, नायदर ऑफ देम केम.

एवढं सांगून मी भाचीला म्हटलं, आता बोल, "आय हॅवन्ट ईटन येट". पोरगी जरा थांबली आणि म्हणाली, "नायदर हॅव आय". मागून वहिनी म्हणाली, मंग जेवून घे ना वं बाई, कधीचं ताट वाढून ठेवलं.