लॅपटॉप झोपला की हार्ड डिस्क गायब

दोन आठवडे नुसता वैताग आला होता. लॅपटॉप स्लीपमधून उठवला की एक्स्टर्नल हार्ड डिस्क गायब, केबल काढून परत लावली की गपचूप हजर, आणि मी आपला डिस्कच मरायला टेकलीय समजून घाईघाईत सगळा बॅकअप घेऊन बसलो (तो तसाही घ्यायलाच हवा होता म्हणा).

खरी भानगड पॉवरची निघाली. वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्टच झोपवतं आणि काही डिस्कना त्यातून नीट जागंच होता येत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (म्हणजे लॅपटॉपच्याच यूएसबी पोर्टांच्या नोंदीच्या) पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे बंद करू द्यायची टिक काढली, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी झोपवायची सोय) डिसेबल केलं. फरक पडला, पण पूर्ण नाही. कारण डिस्क लावली होती बिनपॉवरच्या हबला (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी, स्वतःचा अडॅप्टर नसलेली), त्यातच माऊस, कीबोर्ड, सगळंच, आणि यूएसबी ३.० चा पोर्ट देतो साधारण ९०० मिलीअँपिअर, तेवढ्यात सगळ्यांचं कसं भागणार! डिस्क थेट लॅपटॉपला लावली, त्रास बंद.

कॉपी चालू असताना मात्र मी आता झाकण लावत नाही, फाइल सिस्टीम बिघडली की चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) चालवत बसावं लागतं.