कॅसेटवर नाव दुसऱ्याचंच

टोकियोच्या अकिहाबारा भागात, जुन्या व्हिडिओ गेम्सच्या एका दुकानात मी दुरुस्तीचं काम करते. जपानी माणसं गेमच्या कार्ट्रिजला ‘कासेत्तो’ म्हणतात. लहानपणी आम्हीही कॅसेटच म्हणायचो, त्यामुळे त्या टेबलावर मला कधी परकं वाटलं नाही.

एका शनिवारी थायलंडहून शिकायला आलेला मुलगा गेमबॉय कलरची, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राची, कॅसेट घेऊन आला. वर इंग्रजीत ‘पोकेमॉन डायमंड’. “सेव्ह केलेला खेळ टिकत नाही. आतली बॅटरी बदलून द्याल का?”

खरा पोकेमॉन डायमंड आला २००६ मध्ये, तोही निन्टेन्डो डीएस या नंतरच्या यंत्रावर. उघडून पाहिलं तर आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा गोळा, म्हणजे कॅसेट नकली. नकली माल आम्ही दुरुस्तीला घेत नाही. पण चालू करून पाहिल्यावर खेळ ओळखू आला आणि त्याला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवणं मला जमेना.

“लहानपणी यावर खूप वेळ घालवलाय,” तो म्हणाला. “इंग्रजी अगदी काहीच्या काही. पण पोकेमॉनमध्ये सारखा फोन का वाजतो, ते कधी कळलं नाही.”

कारण तो पोकेमॉन नव्हताच. ‘केइताई देन्जू तेरेफांगु’, नोव्हेंबर २०००, नात्सुमे कंपनीने बनवलेला, स्माइलसॉफ्टने बाजारात आणलेला. पॉवर आणि स्पीड अशा दोन आवृत्त्या. त्यातल्या पॉवरवर डायमंडचं लेबल चिकटवून कुणीतरी ती विकली होती. यातल्या अजब प्राण्यांना देन्जू म्हणतात, आणि पोकेमॉनसारखं त्यांना चेंडूत कोंडायचं नसतं. लढाईनंतर देन्जूला तुम्ही आवडलात तर तो स्वतःचा फोन नंबर देतो. पुढच्या लढाईत फोन करून बोलवायचं. तो लांब असेल तर पोचायला वेळ लागतो. अधूनमधून देन्जू स्वतःहून तुम्हाला फोन करतात. केइताई म्हणजे मोबाईल. जपानमध्ये प्रत्येक खिशात तो येत होता त्याच काळातला हा खेळ, आणि मैत्रीची इतकी साधी कल्पना मला अशा प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही.

कपाटात अस्सल पॉवर होती. आदल्याच आठवड्यात मी तिची बॅटरी बदलून तासभर खेळून पाहिली होती, त्यामुळे यादीत चार-पाच नंबर होते. ती त्याच्या हातात दिली.

थोड्या वेळाने फोन वाजला. तो एकेक अक्षर लावत जपानी मोठ्याने वाचू लागला. अर्ध्यावर थांबला. मग आपली जुनी कॅसेट हातात घेऊन म्हणाला, “म्हणजे तो इतकी वर्षं मला फक्त कसा आहेस असं विचारत होता?”

दोन्ही कॅसेट एकाच पिशवीत घालून दिल्या.