आरंभीची शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात मी २१ वर्षं दिवाणजी आहे. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की मेपर्यंत आमच्याकडं सगळं पिवळं असतं. टॅलीचा कीबोर्ड पिवळा, पावतीपुस्तक पिवळं, घरी तोंड पुसलं की टॉवेल पिवळा. त्या पिवळ्यावर माझ्या कोपरांचा पांढरा कोंडा पडायचा आणि स्पष्ट दिसायचा. शेतकरी समोर बसलेला असताना मी पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाची पावती, लिहायच्या निमित्तानं तो हातानं झाडून टाकायचो.

सोरायसिस. २०१३ च्या दिवाळीनंतर दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे चट्टे उठले. पुढं गुडघे, मग कमरेला पट्टा, मग डोकं. खपली नखानं उचलली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके यायचे. उजव्या अंगठ्याच्या नखावर कुणी सुईनं टोचून ठेवावेत तसे खड्डे. केस कापणाऱ्यानं एकदा टॉवेल माझ्या मानेवर ठेवता ठेवता परत उचलला होता. हा रोग लागत नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे त्याला सांगायला मला पुढं दोन वर्षं लागली.

आणि सल्ला? "तुमच्या दुकानात एवढी हळद पडलीय, लावा की!" हमालापासून मालकाच्या आईपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. लावली. चट्टे पिवळे झाले, बाकी काही नाही.

२०१७ मध्ये एका नातेवाइकानं मला एका औषधवाल्याकडं नेलं. गाव सांगत नाही. बाटलीला लेबल नव्हतं, आत काळपट कडू चूर्ण. यात बावची आहे, चामडीच्या रोगावर रामबाण, असं तो म्हणाला. अडीच महिने घेतलं. मग भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. गंमत अशी की हळदीच्या दुकानात माणूस पिवळा दिसला तर कुणाच्या लक्षात येणार? आठ दिवस कुणालाच कळलं नाही. रविवारी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे धुऊन गेलं नाही."

रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, ४०० च्या वर होतं. चूर्ण बंद केलं, दोन महिन्यांत खाली आलं. बावचीमुळं लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, हे मी नंतर वाचलं. आणि माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगून टाकतो. अमेरिकेत हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांतही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घातलेला होता. आमटीतली हळद वेगळी, ती खा. मालकही खूश, मीही.

हे सगळं लिहायचं कारण २०२३ मध्ये घडलं. चट्टे पाठभर पसरले तेव्हा मिरजेच्या त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमनी सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू करू म्हटलं. पण चिठ्ठीवर गोळी लिहायच्या आधी त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी लिहिली. रिपोर्ट आला: ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी. एसजीपीटी ७८, त्याच्याच जोडीचं एसजीओटी ४६. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आमाला सोडून एकटंच कुठं बसताय का काय?"

मॅडमनी पोटाला टेप लावली. ३९ इंच. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही मर्यादा. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. सोरायसिस चामडीवर दिसतो, पण तो चामडीपुरता नसतो. शरीराची संरक्षण यंत्रणा विनाकारण पेटलेली असते. टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन १७ असली रसायनं ती सोडत राहते आणि ती रक्तातून सगळीकडं फिरतात. पोटातली चरबीही गप्प पडून नसते, तीही यातली काही रसायनं सोडते. त्यानं इन्सुलिनचं काम बिघडतं, साखर आणि चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते. लिव्हर सुजलं की ते आपल्या बाजूनं रक्तात आणखी सूज वाढवणारं सोडतं. कोण आधी आणि कोण नंतर हे प्रत्येकात ठरवता येत नाही, पण सोरायसिस असलेल्यांत फॅटी लिव्हर इतरांपेक्षा जास्त सापडतं, हे पक्कं. या आजाराच्या इंग्रजी नावात पूर्वी 'नॉन अल्कोहोलिक' होतं. २०२३ मध्ये ते बदलून 'मेटाबॉलिक' केलं. म्हणजे मेव्हण्याला दाखवायला माझ्याकडं होता तोही पुरावा गेला.

घरी आलो तर चर्चा भलतीच. चुलतभाऊ म्हणाला, "ती कॅन्सरची गोळी हाय, लिव्हर खाती." कॅन्सरला ती वापरतात हे खरं, पण आमचा डोस त्यामानानं फार लहान असतो. लिव्हरचं मात्र भावाचं अगदीच खोटं नाही, म्हणून तर दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, दारू पूर्ण बंद. पण मी हिशेब लिहिणारा माणूस. नोंद कुठल्या तारखेची, हे आधी बघतो. सोनोग्राफी १२ जूनची, पहिली गोळी २८ जूनची. मग घरातली जुनी फाइल काढली. २०१७ च्या काविळीच्या वेळची सोनोग्राफी त्यात होती आणि तिच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माइल्ड फॅटी लिव्हर. तेव्हा सगळे चूर्णावर तुटून पडले होते, ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. मीही नाही. म्हणजे ही चरबी गोळीच्या खात्यावर टाकता येत नाही. ती आरंभीची शिल्लक होती. वर्षाच्या मध्ये आलेल्या दिवाणजीवर मागच्या वर्षाची तूट टाकायची आमच्या यार्डात पद्धत आहे, म्हणून मला हे चटकन कळलं असेल.

पूर्वी या गोळीचा एकूण डोस दीड ग्रॅम झाला की लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढून बघायचे. माझा डोस आठवड्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० आठवड्यांत दीड ग्रॅम. दोन वर्षांनी सुई! हा हिशेब मी केला आणि एक रात्र झोपलो नाही. मॅडम म्हणाल्या, आता सरसकट तसं करत नाहीत. लठ्ठपणा, मधुमेह, दारू ज्यांना आहे त्यांच्याच लिव्हरची जास्त काळजी. आधी साधा आकडा काढू. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स, हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. कॅल्क्युलेटर माझ्या खिशातच असतो. ४७ गुणिले ४६, खाली २३८ गुणिले ८.८३. उत्तर १.०३. १.३ च्या खाली असलं की लिव्हर फार कडक झालेलं असायची शक्यता कमी. तरी खात्रीला फायब्रोस्कॅन, म्हणजे सुई न टोचता लिव्हरचा कडकपणा मोजणारं यंत्र.

आमच्या शेजारी हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खड्डा, तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी उतरत नसे, आतली हवा मारते. काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला नाही तर माणूस उतरणार. फायब्रोस्कॅनच्या टेबलावर पडल्या पडल्या मला तो कंदील आठवला. तीन तास उपाशी, उजवा हात डोक्यामागं, बरगड्यांच्या मध्ये यंत्राचं टोक आणि टिचकी मारल्यासारखे १० धक्के. धक्क्याची लाट लिव्हरमधून किती वेगानं जाते ते मोजतात, लिव्हर जितकं कडक तितकी लाट जोरात पळते. माझा कडकपणा ६.१ किलोपास्कल, म्हणजे ठीक. चरबीचा आकडा ३०२, म्हणजे भरपूर.

एक गोष्ट मात्र रागानं लिहितो. औषधाच्या दुकानात पोरानं पाकिटावर पेनानं लिहून दिलं, 'रोज २'. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. मॅडमनी चिठ्ठीवर 'फक्त बुधवार' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, त्या बायकोनं बघितल्या म्हणून निभावलं. त्यात माझी मेथोट्रेक्सेटही पिवळी आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी. आता कॅलेंडरवर प्रत्येक बुधवारला लाल गोल असतो आणि फॉलिक ॲसिड शनिवारी, वेगळ्या डबीत.

चरबीवर खरं औषध यार्डातच निघालं. सौदा ठरला की चहा, पट्टी दिली की चहा, शेतकरी रुसला की चहा. मी मोजला. दिवसाला ९ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. वर चारला भडंग. चहा बंद करून बिनसाखरेची काळी कॉफी घरून आणायला लागलो, कॉफी लिव्हरला बरी असं मॅडमच म्हणाल्या होत्या. हमाल विचारायचे, "दिवाणजी, काडा पिताय व्हय?" सकाळी नदीच्या घाटापर्यंत चालत जाऊन परत. १४ महिन्यांत ८४ चा ७७ किलो झालो. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूज कमी होते असं मॅडमनी सांगितलं होतं, मी ८.३ वर आहे. एसजीपीटी ३६, चरबीचा आकडा २५४. पाठ मोकळी झाली. डावं कोपर अजून हटून बसलंय.

मागच्या आठवड्यात सौद्याला तासगावकडचा एक शेतकरी आला होता. यार्डात ४० अंश ऊन आणि याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. सहीला हात पुढं केला तेव्हा नखं दिसली. तेच खड्डे. मी माझी बाही वर करून डावं कोपर त्याच्यापुढं धरलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग मी विचारलं, सोनोग्राफी कधी केली होती?

"मी थेंबबी घेत न्हाई वो दिवाणजी."

"मीपण नाही," म्हटलं आणि रद्द पट्टीच्या मागं लिहून दिलं: सोनोग्राफी, एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट, साखर. त्यानं कागद उलटसुलट केला, पुढच्या बाजूचे तोलाई-हमालीचे आकडे वाचले आणि म्हणाला,

"ह्याचं पैसं पट्टीतनं कापणार न्हाईसा न्हवं?"