न उजळलेला नमुना

मंगळवारी पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे हमखास उजळायलाच हवा अशा नमुन्याचा, आकडाही प्लेटमधल्या कोऱ्या वेलइतकाच (खळग्याइतकाच) आला, आणि माझ्या पोटात गोळा आला.

विष्ठेच्या नमुन्यांत आम्ही क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइलचे बीजाणू शोधतो. अँटिबायोटिक्सनी आतड्यातले बाकीचे जिवाणू हटले की हा डोकं वर काढतो. बीजाणूच्या गाभ्यात डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं असतं. पित्तातलं टॉरोकोलेट आणि ग्लायसीन मिळालं की बीजाणू रुजतो नि ते आम्ल बाहेर टाकतो. त्यात आम्ही टर्बियम हा धातू घालतो. तो एकटा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. हे आम्ल २७० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश पकडून त्याला देतं आणि ५४५ ला हिरवा उजेड पडतो. विष्ठाही स्वतः चमकते, पण नॅनोसेकंदांत विझते. टर्बियमचा उजेड मिलिसेकंदाच्या घरात टिकतो. म्हणून फ्लॅशनंतर १०० मायक्रोसेकंद थांबायचं, मग मोजायचं. घाणीतून एवढी स्वच्छ खूण काढणारी दुसरी पद्धत मी हाताळलेली नाही.

आधी प्लेट तपासली. साधं पॉलिस्टायरीन अतिनील प्रकाश गिळतं, पण आमची क्वार्ट्‌झचीच होती. दिवा ठीक होता. मग त्याच वेलमध्ये शुद्ध आम्ल घातलं. तरी अंधार. हेपेस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तेच आम्ल, तेच टर्बियम, आणि झगझगीत हिरवं. म्हणजे बीजाणूंचा दोष नव्हता. ट्यूब उजेडात धरली तेव्हा तळाशी पांढुरका गाळ दिसला: टर्बियम फॉस्फेट.

नव्या मुलीला विचारलं, "बीजाणू कशात धुतलेस गं?"

"पीबीएसमध्ये, ताई. प्रोटोकॉलमध्ये नुसतं 'बफर' लिहिलंय."

तिची चूक नाही. पीबीएस म्हणजे फॉस्फेटच, आणि तो टर्बियमला आम्लापासून ओढून नेतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बफर म्हटलं की हात पीबीएसच्या बाटलीकडेच जातो. ज्यांनी तो कागद लिहिला त्यांना रसायन ठाऊक होतं. शब्द लिहायला मात्र कंटाळा केला. त्या कागदावर तपासणीची सही माझी आहे.

संध्याकाळी उणे ८० च्या फ्रीजरमधून "निरंक" नोंदवलेले सहा नमुने काढले. बीजाणू चिवट असतात, म्हणून पाण्याने तीनदा धुऊन पुन्हा मोजले. दोन उजळले.

त्याच महिन्यातले अकरा नमुने संपलेत. नोंदवहीत त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात "निरंक" आहे. ते कशात धुतले, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.