बांध मोजायला आलेली बाई

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी 'कांदा' म्हणून मोकळी व्हायचे. 'शेतजमिनीतील परागीभवन करणाऱ्या कीटकांची विविधता' असं पूर्ण सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. कांदा म्हटलं की निदान भाव तरी विचारतो.

माझं काम पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या सीमेवर होतं. इकडे बरेच शेतकरी आपल्यापुरतं उळं, म्हणजे कांद्याचं बी, घरीच धरतात, काही जण बियाणं कंपन्यांशी करार करतात. निवडून ठेवलेले कांदे, म्हणजे गोट, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे. त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या टोकाचे फुलांचे गोंडे फुलतात आणि उन्हाळा लागता लागता काळं बी हाती येतं. मधला फुलोऱ्याचा काळ सगळा माशीच्या भरवशावर. कांद्याच्या एका फुलात सहा पुंकेसर असतात. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे तीन. तोवर स्त्रीकेसर जेमतेम मिलिमीटरभर असतो. तो वाढून तयार होईपर्यंत त्या फुलातला पराग संपलेला असतो. म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून दिला तरच बी. सगळं जमून आलं तर एका फुलात सहा दाणे भरतात, आणि एका गोंड्यात अशी शेकडो फुलं.

प्रस्ताव समितीपुढे मांडला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "शेतात कसली आलीय जैवविविधता? सह्याद्रीत का जात नाही?" प्रश्न रागावण्यासारखा नव्हता. आपल्याकडे परिसंस्थेचा अभ्यास म्हटलं की डोळ्यांपुढे देवराई, सडे आणि अभयारण्यच येतं. मी उत्तरात आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा 2016 चा जागतिक अहवाल पुढे केला: जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी पाऊणशे टक्क्यांहून जास्त प्रकारची पिकं थोडीफार तरी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, पण वजनाने पाहिलं तर हा वाटा जेमतेम 35 टक्के. हा दुसरा आकडा लोक सहसा सांगत नाहीत. गहू, ज्वारी, ऊस यांना माशी लागत नाही, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. माशी संपली की माणूस उपाशी मरेल, असल्या भाषणांवर शेतकरी हसतो आणि त्याचं बरोबर असतं.

पण उसाला माशी लागत नाही, तसा माशीलाही उसाचा काही उपयोग नाही, आणि माझा प्रश्न तिथेच सुरू होत होता. कुकडीच्या कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे उसाचे सलग फड आहेत. पाच-सहा किलोमीटर वर सरकलं की माळ, ओढे, बाभळी आणि रुंद बांध. दोन्हीकडे कांद्याचे गोट लावतात. उपग्रहाच्या नकाशावर प्रत्येक प्लॉटभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढून त्यात न नांगरलेली जागा किती, हे मोजायचं आणि गोंड्यांवर कोणत्या माश्या येतात, बी किती धरतं, हे ताडून बघायचं. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

नकाशावर बांध नीट दिसत नाहीत. म्हणून मी टेप घेऊन बांधांची रुंदी मोजायला लागले आणि दुपारपर्यंत गावभर झालं की मोजणीवाली बाई आली आहे. ज्यांनी महाराष्ट्रातलं गाव पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. एक काका शेजाऱ्याला घेऊन नाही, शेजाऱ्याच्या विरोधात आले. "मॅडम, यानं दर साली नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरलाय. ल्याहा तुमच्या वहीत." शेजारी तावातावाने, "कोण तू? भूमी अभिलेखची का? नोटीस कुठंय?" मी जाळी दाखवली, बाटलीतली माशी दाखवली, विद्यापीठाचं पत्र दाखवलं. पत्रावरच्या गोल शिक्क्याने तर संशय वाढलाच. शेवटी सरपंचांच्या आईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "पोरी, तू टेप ठेव घरी. पावलं मोज." पुढचा सगळा हंगाम मी बांध पावलांनीच मोजले. माझं पाऊल किती सेंटिमीटरचं, ते प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात नोंदवलं आहे आणि परीक्षकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी: पत्रापेक्षा पारावरची एक संध्याकाळ जास्त कामाची. आणि सातबारा, गट नंबर हे शब्द तोंडातून काढूच नका.

फुलोरा सुरू झाला की दिवस ठरलेला असे. दव वाळलं की ठरावीक रेषेत चालत गोंड्यांवरचा प्रत्येक कीटक टिपायचा. साडेदहा-अकराला सगळ्यात जास्त गर्दी. काही गोंडे फुलण्याआधीच नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत बांधलेले. या पिशव्या गावातल्या शिंप्याने शिवून दिल्या. बारशाची झबली शिवायला घेतली आहेत असंच त्याला बराच काळ वाटत होतं. झाकलेल्या गोंड्यांत बी जवळजवळ धरलंच नाही, चोळलं की नुसता कोंडा. शेजारचा उघडा गोंडा हातावर आपटला की दाणे टपटप पडत. ज्या शेतकऱ्यांना वर्षभर माझं काम कळलं नव्हतं त्यांना ते या एका गोष्टीने कळलं.

मधमाश्यांच्या पेट्यांचं काय, असं बरेच जण विचारतात. करारवाले शेतकरी मेलिफेरा या पाळीव परदेशी मधमाशीच्या पेट्या भाड्याने आणतात आणि त्यांचा उपयोग होतो, यात वाद नाही. अडचण अशी की कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं आणि मधमाशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी धने फुलले असले की पेटीतल्या माश्या सरळ तिकडे जातात; पेटी कुणाच्या बांधावर आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. अशा दिवशी गोंड्यांवर कोण असतं? फुलोरी माशी (लहान रानटी मधमाशी), ठिपकेदार डोळ्यांच्या सिर्फिड माश्या, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या-हिरवट एकट्या राहणाऱ्या माश्या, ज्यांना गावात नावच नाही. फुलोरी गोंड्यावर उतरली की घाई करत नाही. फुलाफुलावर थांबत गोंड्याला चक्कर मारते, पोटाला पराग फासून घेते आणि पुढच्या गोंड्यावर जाते. सिर्फिड जागच्या जागी तरंगत राहते, मग एकदम उतरते.

त्या बारक्या माश्या राहतात कुठे, हे शोधायला मला बराच वेळ लागला. बांधावरच्या पायवाटेने जाताना घट्ट मातीत शिसपेन्सिलचं टोक जाईल एवढी भोकं दिसली, प्रत्येकाच्या कडेला चाळल्यासारख्या मातीचा छोटा ढीग. पालथी पडून पाहत राहिले. थोड्या वेळाने एका भोकातून डोकं वर आलं, आत गेलं, पुन्हा आलं, आणि माशी उडाली. ती परतली तेव्हा मागच्या पायांवर फिकट पिवळा पराग होता. ही हॅलिक्टिडी कुळातली. त्याच बांधावर सूर्य कलल्यावर निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर गवताच्या काडीला जबड्याने चावून, रांगेने झोपलेले सापडले. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेल्या पट्ट्यात एवढी वस्ती होती.

कालव्याकडच्या पट्ट्यात असे बांध फार उरलेले नाहीत. जेसीबीने कोरून सरीपुरते ठेवलेले, त्यावरही तणनाशक मारलेलं. तिथे गोंड्यांवर पेटीतली माशी आणि आग्या दिसे. आग्या लांबून येते, तिला 500 मीटरचं बंधन नाही. बारक्या माश्यांना मात्र ते आहे.

फुलकिड्यांवर, म्हणजे कांद्याचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, होणारी फवारणी हा वेगळा त्रास. एका प्लॉटवर भर सकाळी फवारणी झाली आणि त्या प्लॉटचा त्या आठवड्याचा डेटा संपला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. लाइट दिवसा होती, मजूर सकाळी मिळाला. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अगदीच लागली तर संध्याकाळी करावी, हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे.

हंगामानंतर ओळख पटवण्याचं काम, आणि हे सगळ्यात लांबलं. सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या पंखातली अमुक एक शीर कमानीसारखी वाकलेली दिसली की हॅलिक्टिडी, इतपत मी लवकर शिकले. त्यापुढे जातीपर्यंत पोचणं कठीण. आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातला संग्रह पाहून काही नावं लागली; उरलेल्या माश्या प्रबंधात 'हॅलिक्टिड 3', 'हॅलिक्टिड 5' अशाच राहिल्या. सांख्यिकी आणि शोधनिबंध यांची कहाणी सगळ्यांची सारखीच असते, ती सोडून देते.

गावची लोक जैवविविधता नोंदवहीही पाहिली. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत ती असायला हवी, आणि लोकांनी आपलं ज्ञान आपणच लिहावं ही परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी रुजवलेली कल्पना त्यामागे आहे. मी पाहिलेल्या वहीत कीटकांच्या रकान्यात 'मधमाशी, फुलपाखरू' एवढंच होतं. आणि बाहेर ओट्यावर बसलेले आजोबा आग्या कोणत्या वडावर बसते, फुलोरी कोणत्या बोराटीत, सातेरी कधीपासून दिसेनाशी झाली, भुंगा माळवदाच्या कोणत्या वाशाला भोक पाडतो, हे सगळं न थांबता सांगत होते. ते वहीसाठी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही ते लिहून काढलं आणि ग्रामसेवकांना दिलं. पुरवणी म्हणून जोडू म्हणालेत.

निष्कर्ष सांगायला गावात बैठक घेतली. बांध रुंद, गवत टिकलेलं, तिथे माश्यांचे प्रकार जास्त, आणि पेटीतल्या माशीने दांडी मारली तरी बी धरतं, असं मी तक्ते दाखवून सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग मागून एक जण म्हणाला, "ते खरं हाय ताई, पण बांधाला गवत ठेवलं की उंदीर-घुशी व्हत्यात. माझ्या भुईमुगाचं काय?" दुसरा म्हणाला, फुलकिडेसुद्धा तिथल्याच तणावर राहत असतील की. यातलं काहीच मी मोजलं नव्हतं, आणि तसं सांगितलं. यंदा रब्बीत त्याच बांधांवर घुशींची बिळं आणि तणावरचे फुलकिडे मोजायचे ठरलेत. भुईमूगवाल्या भाऊंनी स्वतःचा बांध दिलाय, अट एकच: टेप आणायची नाही.